गुरूच्या तोंडाला इस्त्री

आमच्या रस्त्यावर कुणाला फोटो काढायचा असला की तो 'स्टुडिओत जातो' म्हणत नाही, 'इस्त्रीला जातो' म्हणतो. ही माझ्या नवऱ्याची कमाई. सगळे त्यांना इस्त्रीमास्तर म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि ह्यांना तो मान वाटतो! आता बोला.

कुणीही या, खुर्चीवर बसा, साठीचा माणूस चाळिशीचा होऊन बाहेर पडणार. सुरकुती गेली, मस गेला, देवीचे व्रण गेले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. समोरच्या गल्लीतले शिंपी वारले तेव्हा घरच्यांनी भिंतीवर लावायला फोटो मागितला. ह्यांनी त्यावर असा काही हात फिरवला की भेटायला आलेली माणसं दबक्या आवाजात विचारायला लागली, "धाकटा गेला का हो?" धाकटा बिचारा दारातच उभा होता. एकदा एक पहिलवान आला. त्याचा मोडलेला कान ह्यांनी फोटोत सरळ करून दिला. पहिलवान दुसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, "मास्तर, हा कान मोडायला मला नऊ वर्षं लागली, तुम्ही एका दिवसात बरा केलात?" मी पडद्यामागून ऐकत होते. वाटलं, आता ह्यांचाही कान मोडतो. पण माणूस सज्जन निघाला, नुसता फोटो टेबलावर आपटून गेला.

आणि एक नियम. मूळ फोटो ठेवायचा नाही. "कच्चा माल गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू द्यायचा नसतो," ही सासऱ्यांची शिकवण. स्टुडिओ त्यांनीच सुरू केला. ते निगेटिव्ह फाडून टाकायचे, आता हे कॉम्प्युटरवरून पुसून टाकतात. रोज संध्याकाळी दुकानाचा केर काढायचा आणि दिवसभराचे खरे चेहरेही काढायचे. दोन्ही कामं सारख्याच निष्ठेने चालतात.

आता माझं सांगते. माझ्या डाव्या गालावर जन्मापासून तांबूस डाग आहे, कोटाच्या बटणाएवढा. आई म्हणायची, "बरं झालं, पोरगी हरवली तर सापडेल तरी." मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची. लग्नाचा फोटो सासऱ्यांनी काढला आणि तिसऱ्या दिवशी हे भिंग लावून, बारीक कुंचला घेऊन त्यावर बसले. दिवेलागणीला मला हाक मारली आणि फोटो पुढे धरला. "बघ, आता कशी दिसतेस!"

मी बघितलं. गाल स्वच्छ. वाटलं, बाई गं, किती माया ह्या माणसाला, दिवसभर माझ्या गालावर बसला! पण ते 'आता' माझ्या मनातून जाईना. मला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलंय हे कळायलाच चार-पाच वर्षं गेली. तोवर भिंत भरली होती. लेकीला मांडीवर घेतलेली मी, लेकीच्या शाळेच्या पहिल्या दिवशीची मी, दारातली मी, बागेतली मी. कुठेच डाग नाही. आमच्या घराच्या भिंतीवर एक बाई राहते, माझ्याच साड्या नेसते, माझ्याच लेकीला कडेवर घेते, पण ती मी नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. एकतीस वर्षं गिळलंच. पण लेक आता परदेशात आहे, आणि तिला दिवस गेले आहेत. फोनवर म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय. तू हवीस." बाळंतपणाला तीन महिने उरलेले, आणि माझ्याकडे पासपोर्ट नाही. अर्ज केला. फोटो अर्थातच घरचा.

ऑफिसातल्या खिडकीवर एक बाई होत्या. नाकावर चष्मा, बोलणं मोजकं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला.

"ह्या कोण?"

"मीच."

"ह्यांच्या गालावर काही नाही."

"आमचे मिस्टर फोटोग्राफर आहेत," मी म्हणाले. घरात कुणाला तरी जुनाट आजार आहे, अशा आवाजात म्हणाले.

"बरं. मग असं करा, पासपोर्ट हिचा हवा असेल तर हिला पाठवा. तुमचा हवा असेल तर तुमचा फोटो आणा." आणि अर्ज परत सरकवला.

रांगेतले लोक हसले. घरी येऊन मी जो तोंडाचा पट्टा सुरू केला, तो शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेईपर्यंत. हे म्हणाले, "अगं, जरासाच हात फिरवला. सवय गं." शपथ घेतली. दुसरा फोटो काढला. मी भाबडी, लिफाफा न उघडताच घेऊन गेले. खिडकीवर उघडला तर काय, डाग आहे म्हणायला आहे! दुधात टाकलेल्या हळदीच्या चिमटीएवढा. ह्यांचं म्हणणं, "पुसला कुठे? फिका केला."

खिडकीवरच्या बाई ह्या वेळी हसल्याही नाहीत. "हे दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा परत गेला की अर्ज बंद. मग नवा अर्ज, नवा नंबर, चार-पाच महिने धरा."

चार-पाच महिने! तोवर नातवंड पालथं पडायला लागेल.

तुम्ही म्हणाल, मग बाई, दुसरीकडे का नाही गेलीस? चौकात एक दुकान आहे, यंत्रासमोर बसायचं, मिनिटात फोटो हातात. गेले असते. इस्त्रीमास्तरांची बायको दुसऱ्याकडून फोटो काढून आली, ही बातमी माझ्या आधी घरी पोचली असती, तेही चाललं असतं. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मला तो फोटो ह्यांच्याच हातचा हवा होता. एकदा, फक्त एकदा ह्या माणसाने माझ्याकडे बघून बटण दाबावं आणि हात खिशात घालावेत, एवढीच माझी मागणी. दागिना मागितला नव्हता.

तर हे असं सगळं पेटलेलं असताना घरात काय यावं? दुर्बीण! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

झालं होतं असं की फोनमुळे ह्यांचा धंदा बसला. लोक आता आपापल्या चेहऱ्याला घरीच इस्त्री करतात, बोट फिरवलं की झालं. रिकामा बसलेला माणूस एक दिवस लायब्ररीत गेला. तिथं आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ भरतं. एक निवृत्त भूगोलाच्या बाई ते चालवतात. त्यांनी ह्यांना दुर्बिणीतून चंद्र दाखवला. घरी आले ते वेगळंच वारं घेऊन. मंडळाची रीत अशी की नव्या सभासदाने पहिल्या वर्षी स्वतःच्या दुर्बिणीतून गुरूचा फोटो काढायचा आणि तो लायब्ररीच्या भिंतीवर लागायचा.

"तीस वर्षं माणसांचे चेहरे केले," हे म्हणाले. "आता एक मोठं काम."

"आणि माझं छोटं काम?" मी विचारलं.

"आधी गुरू होऊ दे. डोकं शांत लागतं गं फोटोला. प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलंय."

मी हात जोडले. गुरूला कुठे जायचं होतं? त्याची लेक अडली होती का? पण पालथ्या घड्यावर पाणी.

खोकं उघडलं. पांढरी नळी, दंडाएवढी जाड आणि माझ्या कमरेएवढी लांब. तीन पाय. स्क्रूंच्या पुड्या. बरोबर बोटभर लांबीचा कॅमेरा, त्याला शेपटीसारखी वायर, ती कॉम्प्युटरला लावायची. सूचनांचं पुस्तक ह्यांनी बाजूला ठेवलं. "मी जन्मभर तिपाईवर कॅमेरा लावत आलोय, मला काय शिकवतात!" तासाभराने पाय उलटे बसलेले, नळीचं तोंड जमिनीकडे. मी पुस्तक उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि भाजी निवडायला गेले. मग मात्र ते पुस्तक त्यांनी तीन वेळा वाचलं. दुर्बिणीचा स्क्रू न् स्क्रू पाठ झाला. गुरूबद्दल एक ओळ वाचली असेल तर शपथ. गिऱ्हाइकाची चौकशी करायची नाही, हीदेखील सासऱ्यांचीच शिकवण.

मोठ्या नळीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण असते. दोघींनी एकाच जागी बघायला हवं, नाहीतर छोटीत ग्रह दिसतो आणि मोठीत अंधार. ते जुळवायचं काम उजेडी करायचं, लांबची न हलणारी वस्तू धरून. ह्यांनी लांबच्या पाण्याच्या टाकीची शिडी धरली. डोळा लावला आणि ओरडले, "उलटी आहे!" असल्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, पुस्तकात लिहिलेलं होतं. पण कॉलर जरा वाकडी दिसली तरी गिऱ्हाइकाला परत बसवणारा हा माणूस, त्याला अख्खी टाकी डोक्यावर उभी कशी चालावी? अर्धा दिवस ते मान वाकडी करून बघत होते. रात्री मानेला शेक मी दिला.

गच्चीची फरशी पाणी जायला उतरती आहे. तीन पाय तिन्ही तऱ्हांना. खाली घालायला ह्यांनी फोटो चिकटवायचे पुठ्ठे आणले. पुठ्ठे गिऱ्हाइकांनी न नेलेल्या फोटोंचे, म्हणजे दुर्बीण अक्षरशः लोकांच्या तोंडावर उभी. मग कळलं की नळी तासभर आधी बाहेर ठेवून गार होऊ द्यावी लागते, आतली हवा आणि बाहेरची हवा एक झाली पाहिजे, नाहीतर चित्र थरथरतं. रोज सूर्य बुडायच्या सुमाराला नळी गच्चीवर, आणि हे तिच्या शेजारी खुर्ची टाकून. घरात आमटी जरा कोमट झाली तर कपाळाला आठ्या घालणारा माणूस, पण नळी गार होताना मोठ्या कौतुकाने बघत बसायचा.

पहिल्या संध्याकाळी गुरू समोरच्या बेकरीच्या पत्र्यावर होता. पत्रा दिवसभर तापलेला, वर भट्टीचं धुराडं. त्या गरम हवेतून गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलत होता. आणि आमचे हे डोळा लावून, एक हात वर करून, सवयीने म्हणाले, "हलू नका! हनुवटी जरा वर."

मी जिन्यावर बसून तोंडात पदर कोंबला.

डोळ्याने दिसला, पण फोटोचं काय? बघायची भिंगाची नळी काढायची आणि त्या भोकात कॅमेरा बसवायचा. कॅमेरा बसवताना दुर्बिणीला केसाएवढा धक्का लागतो, आणि गुरू गायब. पडदा काळा. परत भिंग लावा, गुरूला मधोमध आणा, परत कॅमेरा घाला, परत काळा. कॉम्प्युटर खोक्यात ठेवलेला, रस्त्याच्या दिव्याची तिरीप नको म्हणून, आणि त्या खोक्यात डोकं घालून बसायचं काम माझ्याकडे.

"दिसला?"

"नाही."

"आता?"

"काळं."

"नीट बघ ना जरा!"

"अहो, काळं म्हणजे काळं! त्यात नीट काय बघू?"

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी भांडून खाली आले. सहाव्या दिवशी परत गेले, कारण गुरू झाल्याशिवाय माझा नंबर लागणार नव्हता. मी गुरूच्या मागे रांगेत उभी होते, हे लक्षात ठेवा.

त्या संध्याकाळी पडद्यावर एका कडेने एक फिकट ताटली सरकत आली. मी किंचाळले. हे घाबरून तिपाईला अडखळता अडखळता वाचले. "हात लावू नका! आलाय! मध्ये घ्या!" ह्यांनी बारीक स्क्रू फिरवत तो मधोमध धरला. पृथ्वी फिरते ना, सोडला की मिनिटभरात तो दुसऱ्या कडेने निघून जातो. मग फोकस जुळवायची चकती हळूहळू फिरवली. ताटली लहान झाली, घट्ट झाली, कडा आली. आणि एकदम अंगावर पट्टे दिसले. तांबूस, पिवळट, एकाखाली एक. हवा स्थिर होती, घड्याळात सात चाळीस झाले होते. ह्यांनी चित्रण सुरू केलं. ग्रहाचा एक फोटो काढत नाहीत, मिनिटा-दोन मिनिटांची फिल्म काढतात, तीत हजारो चित्रं असतात. मग कॉम्प्युटर त्यातली चांगली निवडतो आणि एकावर एक रचून एक चित्र करतो. एवढं मीही शिकले.

खोक्यात डोकं घालून मी बघत होते. पट्ट्यांच्या खालच्या अंगाला, जवळजवळ मधोमध, एक लंबगोल होता. तांबूस. हवेने जरा पुसट व्हायचा, परत यायचा. खोटं कशाला सांगू, मला तो आवडला. इतका मोठा देखणा ग्रह, आणि ह्याच्याही तोंडावर!

"अहो," मी म्हणाले, "ह्याला डाग आहे."

ह्यांनी येऊन वाकून बघितलं. "आहे खरा." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, मऊ आवाजात म्हणाले, "काळजी नको. काढू."

हा आवाज मी ओळखत होते. 'बघ, आता कशी दिसतेस' म्हणणारा तो हाच आवाज. मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं, पण मला खरंच माहीत नव्हतं तो डाग काय आहे, आणि ह्या घरात डागाची बाजू घेऊन मी कधी जिंकले नव्हते.

पुढचे तीन दिवस हे कॉम्प्युटरसमोर. ग्रहाच्या शेजारी एका ओळीत तीन बारीक ठिपके होते. "धूळ," हे म्हणाले. भिंग पुसलं, कॅमेरा पुसला, पडदासुद्धा पुसला. ठिपके जाईनात तेव्हा कॉम्प्युटरवरच उडवले. पट्ट्यांच्या कडा वेड्यावाकड्या होत्या, त्या सरळ केल्या. डाग पुसून त्याच्या जागी शेजारचा रंग भरला. मग आपला नियम: कच्चा माल काढून टाकला. शेवटी मला बोलावलं. गुरू कसा, तर घासून पालथ्या घातलेल्या पितळी डब्याच्या झाकणासारखा.

"बघ, आता कसा दिसतोय!"

मी खाली जाऊन भांडी आपटली.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी लायब्ररीच्या वाचन खोलीत तीस-चाळीस माणसं होती. भिंतीवर नव्या सभासदांचे गुरू, कुणाचा धुरकट, कुणाचा लांबुडका, कुणाचा नुसता पांढरा गोळा. त्यांत आमचा लख्ख. लोक त्याच्यासमोर थांबत होते, हे शेजारी हात पाठीमागे बांधून उभे, वरातीत मुलाच्या बापाने राहावं तसे. भूगोलाच्या बाई आल्या. बुटक्या, गळ्यात दोरीला चष्मा. चष्मा लावला, चित्र बघितलं, खालची चिठ्ठी वाचली.

"सात चाळीस. वेळ बरोबर आहे ना मास्तर?"

"घड्याळ लावून लिहिलीय."

बाईंनी पिशवीतून वही काढली, कसलंसं कोष्टक काढलं, त्यावरून बोट फिरवलं. "मग डाग कुठाय? त्या दिवशी पावणेआठला तो बरोबर मधोमध असायला हवा."

"कुठला डाग?"

बाईंना वाटलं, ते चेष्टा करतायत. "तांबडा डाग हो. वादळ आहे ते. आपली अख्खी पृथ्वी मावेल एवढं. दीडशे वर्षांहून जास्त काळ माणसं रोज त्याच्यावर नजर ठेवून आहेत."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"होता," हे शेवटी म्हणाले. "काढला मी."

"काढला?"

"तोंडावर होता ना."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्याने विचारलं, "आणि चंद्र? त्याच्याशेजारी तीन-चार दिसतात की नेहमी." ह्यांनी मान खाली घातली. "ती... मला धूळ वाटली." मग काय, खोलीत हशा फुटला. मीही हसले. एकतीस वर्षांचं साठलेलं हसू होतं, मला आवरेना. तीन चंद्र झटकून टाकणारा माणूस अख्ख्या जगात माझ्याच वाट्याला यावा!

भूगोलाच्या बाई मात्र हसल्या नाहीत. "काही बिघडत नाही. मूळ फिल्म आणा, आत्ता इथं बसून परत करू."

"मूळ मी ठेवत नाही."

तेव्हा हसणं थांबलं. बाईंनी चष्मा काढला. "मास्तर, लोकांना महिनोन्महिने तो डाग दिसत नाही. हवा साथ देत नाही, वेळ जुळत नाही. तुम्हाला पहिल्या आठवड्यात दिसला. दिसला, आणि तुम्ही पुसलात?" आवाजात राग नव्हता, हळहळ होती. ह्यांच्या तोंडात कुणी मारलं असतं तरी बरं, असा त्यांचा चेहरा झाला. चित्र त्यांनी स्वतःच भिंतीवरून उतरवलं.

घरी येताना बेकरीपाशी मी म्हणाले, "माझाही मूळ नाही ठेवलात."

"काय?"

"एकतीस वर्षांत माझा एक फोटो नाही."

"अगं, भिंत भरलीय!"

"ती कुणाचीतरी भिंत आहे. मला आज हसू आलं ना, ते रडू होतं. गुरू परत येईल हो, उद्या परत तिथंच असेल. मी एकोणीस वर्षांची परत येणार आहे का?"

रस्त्यात उभी राहून बोलले मी हे. बेकरीवाला पाव मोजायचा थांबला. थांबू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडल्याबरोबर हे म्हणाले, "चल, बस." मी स्टुलावर बसले. मागे करडा पडदा, दोन बाजूंना दिवे. हे कॅमेऱ्यामागे गेले. नेहमी म्हणतात, 'मान जरा उजवीकडे', म्हणजे डावा गाल अंधारात जातो. आज म्हणाले नाहीत. बटण दाबलं.

मग कॉम्प्युटरवर जाऊन बसले. मी मागे उभी. पडद्यावर माझा चेहरा आला, आणि हळूच, चोरपावलांनी, बाण गालाकडे निघाला.

"काय करताय?"

"पुसत नाही गं! जरा उठावदार करतोय. खिडकीवरच्या बाईंना नीट दिसायला हवा ना."

जित्याची खोड! मी माऊसची वायर उपटली. "हात खिशात."

"अगं..."

"खिशात!"

घातले. पिशवीत घातलेल्या मांजरासारखे ते हात आत वळवळत होते. मी वायर परत लावली आणि छापायचं बटण स्वतः दाबलं. फोटो बाहेर आला. गाल, त्यावर डाग, डोळ्यांखाली पिशव्या, गळ्याला दुहेरी घडी. खरं सांगते, क्षणभर जीभ वळवळली, की अहो, ते हनुवटीखालचं तेवढं... पण जीभ चावली.

खिडकीवरच्या बाईंनी फोटो बघितला, मला बघितलं. "हं. आता आलात तुम्ही," म्हणाल्या आणि शिक्का मारला. झालं. बाहेर येऊन लेकीला फोन केला, "येते गं मी," आणि दोघी फोनवर रडलो.

घरी आले ती तशीच जिन्यावरच्या भिंतीपाशी गेले. लग्नाचा फोटो उतरवला, मागचे खिळे उचकटले, काच बाजूला ठेवली. स्टुडिओच्या खणात सासऱ्यांचा पत्र्याचा डबा अजून आहे, त्यात बारीक कुंचले आणि रंगाच्या वाळक्या वड्या. पाण्याचा थेंब टाकला की अजून रंग सुटतो. हे दारात येऊन उभे राहिले.

"अगं, वडिलांच्या हातचा फोटो आहे तो!"

"वडिलांच्या हातचा होता. तिसऱ्या दिवशी तुमच्या हातचा झाला."

कुंचला तांबड्यात बुडवला आणि त्या पोरीच्या गालाजवळ नेला. आणि हात अडला. गाल कोरा. कुठे लावायचा? रोज आरशात बघते, पण आरसा उलटं दाखवतो, आणि पन्नाशीच्या गालावरून एकोणिसाव्या वर्षाचा गाल कसा शोधायचा? माझ्याच गालावर मला जागा सापडेना.

"थोडा कानाकडे," दारातून आवाज आला.

मी कुंचला सरकवला.

"अजून. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सरळ खाली ये. हां, तिथं." मग म्हणाले, "गोल नको करूस. खालच्या अंगाला जरा निमुळता आहे. आणि तेव्हा एवढा गडद नव्हता, पाणी जास्त घे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. "सगळं पाठ आहे तुम्हाला!"

"पुसायचा तर नीट बघावा लागतो ना," ते म्हणाले, आणि एक पाऊल पुढे आले.

"हात खिशातच ठेवा," मी म्हणाले आणि डाग लावला.